परसातल्या बारमाही भाज्या

अळू, शेवगा, हादगा आणि मायाळू या चार भाज्या एकदा लावल्या की वर्षानुवर्षे खाता येतात. दर हंगामाला नांगरट नको, पेरणी नको, विकतचे बियाणेही नको. अळूचा गड्डा, शेवग्याची जाड फांदी, मायाळूची छाट किंवा हादग्याच्या चार शेंगा शेजाऱ्याकडून, माहेराहून आणायच्या आणि परसात लावायच्या. शेतीचा इतिहास बहुतेक वेळा ज्वारी, भात, ऊस, कापूस यांचा लिहिला जातो. या भाज्या शेताबाहेर, बायकांच्या देखरेखीखाली वाढल्या. त्यामुळे त्यांचा माग वैद्यकाच्या ग्रंथांत, सणांच्या नेमात आणि पानमळ्यांत काढावा लागतो.

वैद्यकातला माग सर्वांत जुना आहे. चरकसंहितेत शिग्रू म्हणजे शेवगा आणि उपोदिका म्हणजे मायाळू यांचा उल्लेख आहे. मायाळू तिळाच्या कल्काबरोबर शिजवून खाऊ नये, त्याने अतिसार होतो, असा स्पष्ट इशाराही तिथे दिला आहे. असा इशारा रोजच्या खाण्यातल्या भाजीबद्दलच दिला जातो. सुश्रुतसंहिता फुलांच्या भाज्या सांगताना अगस्त्याचे, म्हणजे हादग्याचे फूल रातांधळेपणावर हितकर मानते.

यानंतरचा मोठा दस्तऐवज मलबारातला आहे. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने तिथल्या वनस्पतींची चित्रे आणि माहिती जमवली. ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. पहिल्या खंडात हादगा आहे, पुढच्या खंडांत शेवगा आणि मायाळू. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी विद्वान होते. त्यांनी 1675 मध्ये दिलेली साक्ष ग्रंथात कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत छापली आहे. युरोपच्या वनस्पतिशास्त्राला या झाडांची सविस्तर ओळख झाली ती अशा माणसांच्या ज्ञानावर, आणि ही गोष्ट जितकी माहीत असायला हवी तितकी नाही.

महाराष्ट्रात मात्र या भाज्या टिकवल्या त्या सणांनी. भाद्रपद शुद्ध पंचमीला, गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीचा उपवास असतो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही. मग उरते ते नांगराशिवाय पिकलेले: अळूची पाने आणि देठ, सुरण, माठ, परसात वेलावर लागलेला भोपळा, शिराळे. या सगळ्यांची मिळून ऋषीची भाजी होते. या एका नेमामुळे प्रत्येक घराला वर्षातून एकदा तरी नांगर न लागलेल्या जमिनीकडे वळावे लागे आणि परसात चार गड्डे राखावे लागत. सिंधुदुर्गात गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि आंबोळ्या करतात. हादग्याचे नाव तर मुलींच्या खेळालाच आहे. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की घाटावर भोंडला किंवा हादगा सुरू होतो.

अळूचा घरातला पत्ता ठरलेला असे: न्हाणीघराच्या मागे, मोरीचे पाणी जिथे मुरते तिथे. वडीसाठी काळ्या देठाचा, पातळ भाजीसाठी हिरव्या देठाचा, अशी निवड घरोघरी होई. अळूच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते घशाला टोचतात, म्हणून खाज येते. चिरण्याआधी हाताला तेल किंवा चिंच लावायची, देठ सोलून घ्यायचे, पाने देठांसह भरपूर शिजवायची आणि चिंच, आमसूल किंवा आंबट चुका घातल्याशिवाय भाजी उतरवायची नाही, ही रीत या खाजेतूनच आली. वडीसाठी पान उपडे ठेवून शिरा सुरीने तासतात किंवा वरून लाटणे फिरवून दाबतात, मग बेसन लावून गुंडाळी वाफवतात. हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप घातलेले अळूचे फतफते लग्नाच्या पंगतीत मानाने वाढले जाई. मोरीकाठच्या भाजीला एवढा मान मिळावा, यात त्या स्वयंपाकाचे कसब दिसते.

पानमळ्यात ही झाडे दुसऱ्या कामाला लागली. विड्याच्या पानांच्या वेलाला आधार आणि विरळ सावली हवी असते, म्हणून मळ्यात शेवरी, पांगारा, शेवगा, हादगा आधी लावतात. तिथल्या शेंगा आणि फुले मळेकऱ्याच्या घरी भाजीला येत.

मायाळू शोभेसाठीही लावला जातो. लाल देठ, मांसल चकचकीत पाने, बारीक गुलाबी फुले आणि काळसर जांभळी फळे यांमुळे तो दाराच्या मांडवावर चढवतात. त्याच्या पानांची भजी पावसाळ्यात होतात. फळांच्या रसाची शाई करणे हा मुलांचा जुना उद्योग.

विसाव्या शतकात वाडे पडले, अंगणे फरसबंद झाली, मोरीचे पाणी गटारात गेले आणि अळूची जागा हरवली. मुंबईत तो रेल्वे रुळांकडेच्या सांडपाण्यावर वाढू लागला आणि त्याच्या स्वच्छतेबद्दल शंका घेतली जाऊ लागली. ती शंका रास्तच आहे. शेवग्याचे नशीब उलटे निघाले. तमिळनाडूच्या पेरियकुलम येथील संशोधन केंद्राने पीकेएम-1 हा बियांपासून लावायचा, सहा महिन्यांत शेंगा देणारा वाण काढला आणि परसातले झाड हेक्टरी हिशेबाचे पीक झाले. हादग्याने मात्र बाजाराला फारसे जुमानले नाही. त्याचे फूल तोडल्यावर लवकर मलूल होते. आतला कडू केसर काढून ते त्याच दिवशी चिरावे लागते, म्हणून ही भाजी आजही मुख्यतः ज्याच्या दारी झाड आहे त्यालाच मिळते.