रिकाम्या जागेचा इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानास येणारा मनुष्य लढाया, तह आणि राजेरजवाडे यांची अपेक्षा धरून येतो. आज आम्ही ज्या वस्तूविषयी बोलणार आहोत ती डोळ्यांना दिसतही नाही. दोन शब्दांच्या मध्ये, किंवा ओळीच्या आरंभी, आपण जी कोरी जागा सोडतो तीच ती वस्तू होय. तिलाही इतिहास आहे, आणि संगणकावर काम करणारी आपल्या जळगाव-धुळ्याची मुले आज तिच्यापायी रात्र रात्र जागतात. या इतिहासाचा आरंभ करण्यास धुळ्याइतके योग्य गाव आम्हांस दुसरे दिसत नाही.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी याच गावी १९२६ च्या अखेरीस देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्यानंतर येथे उभे राहिले. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढे खंडामागून खंड काढले. जुने कागद गोळा करण्यासाठी त्यांनी केलेली पायपीट सर्वांस ठाऊक आहे. परंतु कागद हाती लागल्यावर पुढे जे कष्ट असत, त्यांची कल्पना थोड्यांनाच असते. ते कागद बहुधा मोडीत असत. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. लेखणी होईल तितकी कमी उचलावयाची, हा त्या लिपीचा धर्म. शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे दाखविण्याची चाल तीत नव्हती. जुन्या बाळबोध पोथ्यांतही अक्षरे अशीच सलग चालत. ग्रीक आणि लॅटिन हस्तलिखितांचीही प्राचीन काळी तीच रीत होती. सातव्या-आठव्या शतकांच्या सुमारास आयर्लंडच्या भिक्षूंनी लॅटिन शब्द सुटे लिहिण्यास आरंभ केला. आपल्याकडे सुट्या शब्दांची सवय सर्वांना लागली ती छापखान्यामुळे.

शब्द सलग असले म्हणजे काय होते, ते आम्ही रचलेल्या एका साध्या उदाहरणाने सांगतो. कागदात ‘घोडेगावातनेले’ एवढी अक्षरे आहेत असे समजा. एक वाचणारा म्हणेल, ‘घोडे गावात नेले’. दुसरा म्हणेल, ‘घोडेगावात नेले’. पहिल्याच्या वाचनात जनावरे हलली. दुसऱ्याच्या वाचनात काय हलले ते मागल्या ओळीत शोधावे लागेल, आणि वर एक गाव नकाशात आले. अक्षर एकही बदलले नाही. बदलली ती केवळ एक रिकामी जागा, आणि तीही कागदावर नसून वाचणाऱ्याच्या मनात होती. हाच प्रकार एखाद्या वाटणीपत्रात शेताच्या चतुःसीमेविषयी घडला, तर भावाभावांत कोर्टाची पायरी चढण्याचा प्रसंग यावयाचा. म्हणून चांगला मोडी वाचक घाई करीत नाही. तो मागचापुढचा मजकूर पाहतो, त्याच हाताचा दुसरा कागद शेजारी ठेवतो, आणि शंका राहिली तर शंका म्हणून नोंदवितो.

आता एक मोठी उडी घेऊ. मोडीत रिकामी जागा नाही, म्हणून अडचण. याच्या नेमकी उलट अडचण संगणकाच्या युगात उत्पन्न झाली. तेथे रिकाम्या जागा दोन प्रकारच्या आहेत, आणि दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात!

या दोन जागांचे मूळ टंकलेखन यंत्रात आहे. लांब दांडी दाबली की कागद एक घर सरके; ही झाली साधी जागा. हिशेबाचे रकाने पाडावयाचे असले की टॅब्युलेटरची कळ दाबीत, आणि कागद एकदम ठरलेल्या खुणेपर्यंत धावे. तिचेच आखूड नाव टॅब. अमेरिकेत १९६३ मध्ये संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देण्यात आले, तेव्हा या दोन्ही कळांना क्रमांक मिळाले. टॅब हा ९ आणि साधी जागा ही ३२. आठ साध्या जागा आणि एक टॅब पडद्यावर पुष्कळदा एकाच रुंदीचे दिसतात. यंत्राच्या पोटात मात्र एकीकडे आठ चिन्हे असतात आणि दुसरीकडे एकच.

यातून पहिला प्रसिद्ध गोंधळ झाला तो अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. १९७६ साली तेथील स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे एक सहकारी तक्रार घेऊन आला. त्याने प्रोग्रॅममधील चूक सुधारली होती. परंतु सुधारलेला भाग नव्याने बांधून घेण्याचे राहिले, आणि बरोबर असलेल्या प्रोग्रॅमात चूक शोधण्यात त्याची सबंध सकाळ गेली. फेल्डमन स्वतः आदल्या संध्याकाळी त्याच फेऱ्यात सापडले होते. तेव्हा त्यांनी ‘मेक’ नावाचे साधन रचले.

हे साधन काय करते, ते खानदेशी माणसास भरिताच्या उदाहरणाने चटकन कळेल. एका ओळीत लिहावयाचे, ‘भरीत : भाजलेली वांगी, मिरच्या, लसूण’. तिच्या खालच्या ओळीत, थोडे आत सरकून, कृती लिहावयाची, ‘सर्व ठेचून एकत्र करा’. मग पुन्हा, ‘भाजलेली वांगी : वांगी, कपाशीच्या काट्या’, आणि खाली तिची कृती. कोणती वस्तू कशावर अवलंबून आहे हे ‘मेक’ वाचते. वांगी नवी आली असतील तर भाजण्यापासून आरंभ करते. काहीच बदलले नसेल तर चूल पेटवीत नाही. या यादीच्या फाइलीस मेकफाइल म्हणतात.

फेल्डमन यांनी एक नियम घातला. कृतीच्या ओळीचा आरंभ टॅबनेच झाला पाहिजे. साध्या जागा चालणार नाहीत. पुढे त्यांनी स्वतःच याचे कारण मोकळेपणाने सांगितले आहे. ज्या साधनांनी त्यांनी हे काम केले ती त्यांना नवीन होती, टॅबचा नियम बसविणे सोपे गेले, आणि तो तसाच राहिला. काही आठवड्यांत डझनभर माणसे ‘मेक’ वापरू लागली. बहुतेक मित्रच. त्यांची घडी मोडू नये म्हणून नियम बदलला नाही. या डझनभरांच्या सोयीसाठी पुढच्या असंख्य माणसांनी अडचण सोसली! लोकांच्या सकाळी वाचविण्यासाठी जन्मलेल्या साधनाने लोकांच्या रात्री खाल्ल्या. तरीही साधन इतके उपयोगी, की २००३ साली त्याबद्दल फेल्डमन यांचा संगणकशास्त्राच्या मोठ्या पुरस्काराने गौरव झाला.

आपल्याकडील एखाद्या विद्यार्थ्याची रात्र डोळ्यांपुढे आणा. मित्राने संदेशातून पाठविलेली मेकफाइल तो जशीच्या तशी उतरून घेतो. वाटेत टॅबच्या जागी साध्या जागा बसतात. तो ‘मेक’ चालवितो आणि उत्तर येते, की अमुक ओळीत विभाजक सापडत नाही. ती ओळ तो दहादा वाचतो. अक्षर न् अक्षर बरोबर आहे. तो शब्द बदलतो, नावे बदलतो, आणि चूक नव्हती तेथे चूक करून ठेवतो. आपल्यात या कामाची बुद्धी नाही, असे त्यास वाटू लागते. आम्हांस या सर्व प्रकरणात खरा तोटा दिसतो तो हाच.

उपाय साधा आहे. पहिली गोष्ट, यंत्राने सांगितलेला ओळीचा क्रमांक खरा मानून तेथूनच आरंभ करावा. दुसरी गोष्ट, न दिसणारे दिसेल असे करावे. युनिक्स घराण्यातील संगणकांवर फाइल दाखविणारी ‘कॅट’ नावाची आज्ञा असते. लिनक्सवर तिला ‘ए’ हे मोठ्या लिपीतील अक्षर जोडले, की टॅबच्या जागी टोपीचे चिन्ह व ‘आय’ अक्षर उमटते, आणि प्रत्येक ओळीच्या अंती डॉलरचे चिन्ह येते. त्यामुळे ओळीच्या शेवटी लपलेल्या जागाही उघड्या पडतात. ओळ पुढे चालू आहे हे दाखविणाऱ्या तिरप्या रेघेनंतर एक जरी जागा राहिली, तरी ती रेघ आपले काम करीत नाही. तिसरी गोष्ट, लिहिण्याच्या साधनास एकदाच बजावून ठेवावे, की मेकफाइलीत टॅबचे रूपांतर जागांत करू नये.

हाच नियम सगळीकडे लावू मात्र नये. गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायथॉन भाषेत ओळ किती आत आहे यावर अर्थ ठरतो. तिची तिसरी आवृत्ती २००८ मध्ये आली; टॅब व जागा यांची संदिग्ध सरमिसळ ती चालू देत नाही. यामल नावाच्या मांडणीत तर ओळ आत घेण्यासाठी टॅब वर्ज्यच आहे. एका घरात जे सक्तीचे, ते दुसऱ्या घरात निषिद्ध. म्हणून घर कोणाचे ते आधी विचारावे.

हा दूरदेशीचा प्रश्न आहे असेही कोणी समजू नये. ‘शेतकऱ्याचे’ हा आपला नित्याचा शब्द घ्या. त्यातील अर्धा र संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्त्याचा ऱ येतो. दुसऱ्या रीतीत साध्या र नंतर शून्य रुंदीचे, मुळीच न दिसणारे एक जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही शब्द एकरूप. परंतु क्रमांकास क्रमांक ताडून शोध घेणाऱ्या यंत्रास ते भिन्न आहेत, आणि एका रीतीने लिहिलेला शेतकरी दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्यास सापडत नाही. जुनी दफ्तरे आता संगणकावर चढत आहेत. मोडी लिपीसही २०१४ मध्ये युनिकोडात स्थान मिळाले. राजवाड्यांसारख्यांनी जे कागद जन्मभर खपून वाचविले, त्यांतील नावे एका अदृश्य चिन्हामुळे पुन्हा हरवावयाची नसतील, तर उतरून घेणाऱ्याने आपली रीत एकच ठेवली पाहिजे आणि ती लिहून ठेवली पाहिजे.

ज्या दोन गोष्टींचा अर्थ भिन्न, त्या डोळ्यांनाही भिन्न दिसाव्यात, हे नियम करणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याने ते केले नसेल, तर वाचणाऱ्याने स्वतःच्या बुद्धीस दोष देण्यापूर्वी कागद उजेडाकडे धरून पाहावा. मोडी वाचणारे पूर्वीपासून हेच करीत आले. आपल्या मुलांनीही तेच करावे, इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.