किनाऱ्यास लागलेलें जहाज : कोंकणचा जुना रिवाज व आजचा पेंच

बदलापुराजवळचें शिरगांव, जेथें बसून हें टिपण आम्ही लिहीत आहों, समुद्रापासून बरेंच आंत आहे. जहाजांचा विषय येथून निघावा हें वाचकांस प्रथम चमत्कारिक वाटेल. परंतु याच परिसरांतून वाहणारी उल्हास नदी पुढें कल्याणास खाडीचें रूप घेते व वसईपाशीं समुद्रास मिळते. कल्याण-भिवंडीस शिवाजीमहाराज जहाजें बांधवीत असल्याचा उल्लेख १६५९ च्या पोर्तुगीज कागदांत आहे. १६७४ सालीं इंग्रजांनीं वखारी घालण्यासाठीं महाराजांपाशीं जीं ठिकाणें मागितलीं, त्यांतही राजापूर, दाभोळ व चौल यांच्याबरोबर कल्याणाचें नांव येतें. त्याच मागण्यांत एक कलम किनाऱ्यास लागलेल्या जहाजांसंबंधीं होतें. आमच्या विषयाचा आरंभ त्या कलमापासून होतो.

राज्याभिषेकाच्या प्रसंगीं मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडीं आला होता. इंग्रजांची मागणी अशी कीं, त्यांचें किंवा त्यांच्या रयतेचें जहाज वादळानें महाराजांच्या किनाऱ्यास लागल्यास तें मालासह परत मिळावें. वाटाघाटींत निराजीपंतांमार्फत यास जें उत्तर मिळालें, तें ऑक्झिंडनच्या वृत्तांतांत नमूद आहे. त्याचा आशय असा : तुफानानें अथवा अन्य कारणानें किनाऱ्यास आलेलें जहाज वा माल परत करणें हें कोंकणच्या कायद्याविरुद्ध आहे, इंग्रजांस ही सवलत दिली तर फ्रेंच, वलंदेज व इतर व्यापारीही ती मागतील, आणि अनेक पिढ्या चालत आलेला रिवाज मोडल्यावांचून ती देतां येणार नाहीं.

या उत्तराकडे केवळ लोभाचें उदाहरण म्हणून पाहणें बरोबर होणार नाहीं. फुटलेल्या जहाजावर राजाचा हक्क मानण्याची चाल खुद्द इंग्लंडांतही होती. तेथें १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यानें ठरविलें कीं, माणूस, कुत्रा किंवा मांजर जहाजावरून जिवंत सुटलें तर तें जहाज ‘फुटलेलें’ समजूं नये. माल जपून ठेवावा आणि वर्ष व एक दिवस यांच्या आंत धनी आल्यास त्याचा त्यास द्यावा. म्हणजे जिवंत प्राणी न सुटल्यास जहाज राजाचें, हीच तेथील मूळ समजूत. दोन्हीकडे गृहीत एकच होतें, तें हें कीं, किनाऱ्यास लागलेलें जहाज ही मौल्यवान वस्तु आहे व ती मिळविण्यास सर्वच उत्सुक असणार. भांडण काय तें ‘माझें कीं तुझें’ एवढेंच.

त्या काळच्या जहाजांची घडण ध्यानांत घेतली म्हणजे या गृहीताचा उलगडा होतो. लाकडी गलबत पुळणीवर चढलें तर ओहोटींत माणसें चालत जाऊन माल उतरवूं शकत. गलबत हलकें झालें कीं पुढच्या उधाणास तें ओढून काढण्याचा यत्न करतां येई. न निघाल्यास फळ्या, खिळे, दोर, शिडें, नांगर यांपैकीं प्रत्येक वस्तु कोणाच्या ना कोणाच्या उपयोगाची असे. उरलेला सांगाडा समुद्रच फोडून टाकी. किनाऱ्यास त्याचा उपद्रव फार दिवस होत नसे.

पोलादी मालवाहू जहाजाची गोष्ट निराळी. तरंगणाऱ्या जहाजाचें सर्व वजन पाणी उचलतें. बूड टेकलें कीं त्या वजनाचा कांहीं भाग जमिनीवर येतो. समजा, पाण्याच्या पातळीशीं जहाजाचा आडवा छेद १२०० चौरस मीटर आहे. मग पाणी १० सेंटिमीटर उतरलें कीं सुमारें १२३ टन भार वाळूवर पडतो, व एक मीटर उतरलें कीं १२०० टनांहून अधिक. हा भार नाहींसा केल्यावांचून नुसतें ओढून जहाज निघत नाहीं. म्हणून मुक्ततेची कृति ठराविक क्रमानें करावी लागते. प्रथम तेल काढून घेणें, मग माल व नीरम, म्हणजे तोल राखण्यासाठीं भरलेलें वजन, उतरविणें, भोकें बुजवून आंतील पाणी उपसणें, समुद्राकडे नांगर टाकून जहाजास धरून ठेवणें, आणि शेवटीं अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीस जोराच्या ओढनौकांनीं तें खेंचणें. एक उधाण चुकलें तर पुढच्यासाठीं पंधरवडा थांबावें लागतें. त्या पंधरवड्यांत लाटा बुडाखालची वाळू उकरतात, जहाज खोल बसतें, आडोशाच्या बाजूस नवी वाळू सांचते, व पुढें-मागें आधार असमान झाल्यानें जहाजाचा कणा मोडण्याचा संभव उत्पन्न होतो.

पश्चिम किनाऱ्यावर यास आणखी एक अडचण आहे. आमच्याकडे जहाजें किनाऱ्यास लागतात तीं बहुधा जून ते ऑगस्ट या महिन्यांत, आणि मुक्ततेचें काम निर्वेधपणें करतां येतें तें पावसाळा सरल्यावर. जुने दर्यावर्दी नारळी पौर्णिमेपर्यंत गलबतें पाण्यांत घालीत नसत. आज्ञापत्रांतील आरमाराच्या प्रकरणांतही पावसाळ्याच्या छावणीचा स्वतंत्र विचार केलेला आहे. आजचीं जहाजें पावसाळ्यांतही चालतात. म्हणून ज्या ऋतूंत तीं अडकतात तोच ऋतु सुटकेस सर्वांत प्रतिकूल असतो, आणि जे पहिले आठवडे निर्णायक तेच वाऱ्यापावसांत जातात.

आतां अलीकडील उदाहरणें पाहूं. ११ जून २०११ रोजीं ‘विस्डम’ नांवाचें मालवाहू जहाज मुंबईस जुहूच्या किनाऱ्यावर चढलें. तें कोलंबोहून गुजराथेंत अलंग येथें मोडीसाठीं ओढून नेलें जात होतें. वाटेंत दोर तुटला. त्याच वर्षीं ३१ जुलै रोजीं ‘पवित’ नांवाचें लहान तेलवाहू जहाज त्याच किनाऱ्यास लागलें. त्यावरील १३ खलाशांना महिन्यापूर्वीं ओमानच्या बाजूस ब्रिटिश युद्धनौकेनें वांचविलें होतें. त्यानंतर तें बेवारस जहाज अरबी समुद्र ओलांडून कोणाच्याही नजरेस न पडतां मुंबईपर्यंत वाहत आलें. हीं दोन्ही जहाजें ऐन पावसाळ्यांत, कांहीं आठवड्यांच्या आंत, भरतीच्या साह्यानें ओढून काढण्यांत आलीं.

याच्या उलट गोव्यांतील उदाहरण. ६ जून २००० रोजीं ‘रिव्हर प्रिन्सेस’ हें खनिजवाहू जहाज कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्यावर रुतलें. तें गोव्यांतीलच एका खाणवाल्यांच्या मालकीचें व अडीचशे मीटरांच्या आसपास लांबीचें होतें. तें कोणी, कोणाच्या खर्चानें व कोणत्या रीतीनें काढावें याचा वाद लांबत गेला. गोवा सरकारनें २००१ मध्यें पर्यटनस्थळांच्या रक्षणाचा कायदा केला व त्याच्या आधारें जहाज ताब्यांत घेतलें. एकामागून एक मक्ते दिले गेले व निष्फळ झाले. प्रकरणें न्यायालयांत गेलीं. मधल्या काळांत जहाज वाळूंत खोल बसलें, आणि तें आडव्या बांधासारखें उभें राहिल्यानें लाटांची दिशा पालटून कांदोळीचा किनारा झिजूं लागल्याची तक्रार वर्षानुवर्षें होत राहिली. शेवटीं जागच्या जागीं तुकडे करून तें २०१२ मध्यें हलविण्यांत आलें. बारा वर्षें गेलीं.

जुहूस आठवडे व कांदोळीस तप, या फरकाचें कारण काय ? कांहीं अंश निसर्गाचा आहे, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. ‘रिव्हर प्रिन्सेस’ हें जुहूच्या दोन्ही जहाजांहून फार मोठें होतें. शिवाय मुंबईस मोठ्या उधाणाचें पाणी पांच मीटरांच्या जवळपास चढतें. गोव्यास भरती-ओहोटींतील अंतर याच्या निम्म्याहूनही कमी असतें. ज्या उचलीवर सुटकेचा सर्व भरंवसा, तीच तेथें तुटपुंजी. तथापि बारा वर्षांचा हिशेब एवढ्यानें पुरा होत नाहीं. मार्च २०२१ मध्यें सुएझच्या कालव्यांत ‘एव्हर गिव्हन’ हें ४०० मीटर लांबीचें जहाज आडवें रुतलें. तें २३ तारखेस अडकलें व २९ तारखेस सुटलें; सुमारें ३०,००० घनमीटर गाळ उपसला गेला, आणि शेवटचा हात दिला तो आपल्या होळी पौर्णिमेच्या उधाणानें. तेथेंही भरती मोठी नव्हती व जहाज तर अधिकच मोठें होतें. परंतु जगाचा व्यापार अडला होता, म्हणून जहाज कोणाचें व खर्च कोणाचा हा वाद सुटकेच्या पुढें आला नाहीं, मागून आला. कांदोळीस तो आधीं आला. तेथें अडला होता तो किनारा, आणि किनाऱ्याचा वकील कोणी नव्हता.

आमच्या मतें या इतिहासाचें सार येथें आहे. वाळूच्या पेंचापेक्षां मालकीचा पेंच अवघड, आणि तो १६७४ च्या पेंचाच्या बरोबर उलटा आहे. तेव्हां जहाज आपलें म्हणणारे दोघे होते. आज अडचण अशी कीं, मोल असेतों मालक हक्क सोडीत नाहीं, आणि काढण्याचा खर्च मोलाहून वाढला कीं मालकच सांपडत नाहीं. मुक्ततेचा धंदा करणाऱ्यांची परंपराही जुन्याच गृहीतावर उभी होती. ‘यश नाहीं तर मोबदला नाहीं’ हा त्यांच्या कराराचा प्रसिद्ध नियम, कारण वांचविलेल्या मालाच्या किमतींतून मोबदला मिळे. जें जहाज वांचवूनही कांहीं मिळावयाचें नाहीं, त्यासाठीं कोण धांवणार ? तेलवाहू जहाजांचे मोठे अपघात झाल्यावर १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारानें, समुद्राची हानि टाळण्याच्या श्रमांस जहाज न वांचलें तरी कांहीं मोबदला द्यावा असें मान्य केलें.

आपल्याकडील १९५८ च्या व्यापारी नौकानयनाच्या कायद्यानें फुटलेल्या जहाजांसाठीं स्वतंत्र अधिकारी नेमण्याची तजवीज केली आणि मालकास हक्क सांगण्यास एक वर्षाची मुदत दिली; वेस्टमिन्स्टरच्या ‘वर्ष व एक दिवस’ याचीच ही छाया. २०२५ मध्यें संसदेनें त्या कायद्याच्या जागीं नवा कायदा संमत केला. २००७ चा नैरोबी करार २०१५ मध्यें अमलांत आला; भारत त्यांत २०११ मध्येंच सामील झाला होता. जहाज हलविण्याचा खर्च मालकावर, आणि ३०० टनभाराच्या व त्याहून मोठ्या जहाजांस त्यासाठीं विमा सक्तीचा, हें त्याचें मुख्य सूत्र. मात्र हा करार मुळांत किनारी हद्दीपलीकडील सागरासाठीं आहे. हद्दींतील पाण्यास तो लावणें त्या त्या राष्ट्राच्या इच्छेवर ठेविलें आहे. जहाजें रुततात तीं तर पुळणीवर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळांत ‘बसरा स्टार’ हें जहाज रत्नागिरीस मिऱ्याच्या किनाऱ्यावर आदळलें. खलाशी वांचले, पण जहाज पुढील अनेक पावसाळे तेथेंच पडून राहिलें. कांदोळीचा धडा मिऱ्यापर्यंत पोंचला नव्हता, असेंच म्हणावें लागतें.

जुन्या रिवाजांत राजा होता व व्यापारी होता. नव्या कायद्यांत सरकार आहे, मालक आहे, विमेवाला आहे. ज्या पुळणीवर होड्या ओढल्या जातात, रापणीचें जाळें खेंचलें जातें व ज्यामागें घरें उभीं आहेत, ती पुळण मात्र दोन्हींत पक्षकार नाहीं. पहिल्या उधाणाच्या आंत जहाज हलविण्याचा अधिकार व पैसा किनाऱ्यावरील अधिकाऱ्याच्या हातीं असावा आणि मालकीचा निवाडा मागाहून व्हावा, हा क्रम ठरल्यावांचून दुसरी कांदोळी टळणार नाहीं.

एक विनंति करून हें टिपण पुरें करितों. गलबत फुटल्यावर माल कोणास गेला, खलाशांची व्यवस्था काय झाली, गांवकऱ्यांस हिस्सा मिळाला कीं वेठ घडली, याविषयींचे कागद कोंकणांतील जुन्या घराण्यांच्या व बंदरकाठच्या देवस्थानांच्या दप्तरांत असण्याचा पुष्कळ संभव आहे. रिवाजाची राजाकडील बाजू परकी वकिलाच्या लेखणींतून आपणांस मिळाली. गांवाची बाजू मिळावयाची ती अशाच कागदांतून. ज्यांच्यापाशीं ते असतील त्यांनीं ते कसरीच्या तोंडीं पडण्यापूर्वीं प्रसिद्ध करावे.