खिशातून कानामागे

निजामी अमदानीतला एक जमिनीचा कागद शोधत होतो. थोरल्या चुलत्यांची लोखंडी ट्रंक उपसून काढली, पण कागद मिळाला नाही. मिळाली ती सिगारेटच्या पाकिटाएवढी एक करडी डबी. मागे सदऱ्याच्या खिशाला अडकवायची पकड, वरच्या बाजूला बारीक जाळी, एक लांब वायर आणि वायरीच्या टोकाला बोराएवढे गोल बटण. काकांचे कानाचे मशीन. लहानपणी आम्ही भावंडे त्याला रेडिओ समजायचो. काका बैठकीत येऊन बसले की "काका, बातम्या लागल्या का?" असे विचारून पळायचो. त्यांना ऐकू गेले की ते हसत. नाही गेले तर आम्ही हसत असू.

त्याच आठवड्यात देवघराजवळच्या कोनाड्यात आईचे यंत्र सापडले. 'सापडले' हा शब्द खरे तर खोटा आहे. ते तिथे आहे हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. हळदीकुंकवाच्या जुन्या डब्यात ते तीन वर्षे पडून होते, आणि 'बंद पडलं' एवढे एकमताने ठरवून आम्ही सगळे मोकळे झालो होतो.

माझा नेहमीचा विषय वीरगळ आणि शिलालेख. कोणत्याही विद्यापीठाने मला हे शिकवले नाही. उमरगा तालुक्यातल्या शिवारांतून हिंडत जे कळले ते कळले. दगड समोर आला की मी आधी झीज पाहतो. तेल कुठे लागले, हात कुठे फिरला, गुरांनी अंग कुठे घासले, यावरून त्या दगडाशी लोक कसे वागले ते समजते. या दोन यंत्रांकडेही मी तसेच पाहिले. काकांच्या डबीचा रंग कडांना उडाला होता, पकडीची धार गुळगुळीत झाली होती, वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी होती. ते यंत्र वर्षानुवर्षे वापरले गेले होते. आईच्या यंत्रावर ओरखडाही नव्हता. फक्त कानात जाणारी पारदर्शक नळी पिवळी पडून काडीसारखी कडक झाली होती.

जुने आणि बोजड यंत्र वापरात राहिले, नवे आणि सुबक यंत्र कोनाड्यात गेले. हे असे का झाले, या प्रश्नातून हा लेख निघाला.

ऐकू न येणाऱ्याच्या कानाशी आवाज गोळा करून नेण्याची खटपट फार जुनी. शिंगे, शंख, पत्र्याचे कर्णे असा तिचा प्रवास आहे. लंडनचा फ्रेडरिक राइन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी असे कर्णे बनवून विकत असे. पोर्तुगालचा राजा सहावा जॉन याच्यासाठी 1819 साली एक सिंहासनच तयार झाले. त्याचे हात पोकळ, टोकाला सिंहाची उघडी तोंडे. दरबाऱ्याने गुडघे टेकून सिंहाच्या तोंडात बोलायचे आणि आवाज नळीतून राजाच्या कानापर्यंत जायचा. त्या वेळी गोवा याच राजाच्या ताब्यात होता, म्हणून मराठी वाचकाने त्याची एवढी दखल घ्यायला हरकत नाही. बहिरेपण राजाचे असले म्हणजे गुडघे इतरांना टेकावे लागतात.

आपल्याकडचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. 1882 साली पुण्यात हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना, या देशातल्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात असे त्यांनी आग्रहाने मांडले. पुढच्याच वर्षी त्या स्वतः वैद्यक शिकण्याच्या इराद्याने इंग्लंडला गेल्या. ते शिक्षण झाले नाही. कारण होते कान. वाढत्या बहिरेपणामुळे त्यांना वैद्यकाचा विचार सोडावा लागला आणि त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या. 1886 साली फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या पदवीदान समारंभाला रमाबाई हजर होत्या. आपल्या चरित्रग्रंथांत त्यांच्या धर्मांतरावर पानेच्या पाने खर्च होतात, पण हा कानाचा मुद्दा एका वाक्यात उरकला जातो. मला तो मोठा वाटतो. एका स्त्रीचे डॉक्टर होणे कानापाशी अडले आणि तिच्या आयुष्याची वाट बदलली.

रमाबाई इंग्लंडात होत्या तेव्हा टेलिफोन निघून सात-आठ वर्षे झाली होती. त्याचे जनक ग्रॅहम बेल यांची आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नव्हते आणि ते स्वतः बधिर मुलांचे शिक्षक होते. पण टेलिफोनच्या तंत्रावर चालणारी विजेची श्रवणयंत्रे यायला शतकाची अखेर उजाडली. ती टेबलावर ठेवायची होती. मग काचेच्या व्हॉल्व्हची यंत्रे आली. त्यांच्या बॅटऱ्याच इतक्या जड की त्या अंगावर वेगळ्या बांधाव्या लागत.

खरा बदल केला ट्रान्झिस्टरने. डिसेंबर 1947 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तो तयार झाला आणि 1948 च्या उन्हाळ्यात जगाला कळला. त्या उन्हाळ्यात मुरुम निजामाच्या राज्यात होते, रझाकारांची दहशत होती आणि 17 सप्टेंबरला सुटका व्हायची होती. आमच्या भागात ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ, असा अर्थ आजही रूढ आहे. प्रत्यक्षात ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला 1954 साली, आणि ट्रान्झिस्टरचे श्रवणयंत्र आले 1952 च्या अखेरीस. बेल यांच्या बधिरांसाठीच्या कामाची आठवण म्हणून त्या प्रयोगशाळेने श्रवणयंत्रांकडून स्वामित्वशुल्क घेतले नव्हते. म्हणजे काकांच्या डबीला रेडिओ म्हणणारे आम्ही नाते उलटे लावत होतो. वंशावळीत थोरले मशीनच होते.

काकांचे मशीन सोलापूरहून आणलेले, 1980 च्या दशकातले. ते पेन्सिल सेलवर चालायचे, आणि पेन्सिल सेल मुरुमच्या कोणत्याही दुकानात मिळायचा. चाक बोटाने फिरवता यायचे. बिघडले की घड्याळ दुरुस्त करणारा वायरीला डाग देऊन द्यायचा. ते टिकले याचे निम्मे उत्तर यात आहे. त्याचा मोठा दोष असा की त्याचे कान छातीवर होते. सदऱ्याचे कापड जाळीवर घासले की खरखर, उपरणे पडले की आवाज बसका. माणसाने मान वळवली तरी यंत्र समोरचेच ऐकणार.

दुसरे निम्मे उत्तर मला बरेच उशिरा सुचले. काकांच्या सदऱ्याला खिसा होता.

आमच्या आजीलाही शेवटी ऐकू येत नसे. तिला मशीन आणावे असे कोणाला वाटले नाही, हे खरेच. पण आणले असते तर तिने ते ठेवले कुठे असते? नऊवारी लुगड्याला खिसा नसतो. चोळीत खोचले तर वर पदराचे दोन पदर, आणि चुलीपुढे घाम. खिशातले यंत्र ज्याने घडवले त्याच्या डोळ्यांपुढे खिसा असलेला माणूस होता. कानामागचे यंत्र 1950 च्या दशकाच्या मध्यावर तयार होऊ लागले, आधी चष्म्याच्या काडीत आणि मग सुटे, आकड्यासारखे वळलेले. जाणकार त्याचे महत्त्व सांगताना आवाजाची दिशा, दोन्ही कानांचा वापर वगैरे सांगतात. ते बरोबरच आहे. आमच्या भागापुरते मी एवढे जोडीन की खिसा नसलेल्या बाईला अंगावर घेता येईल असे हे पहिले यंत्र.

पुढचा शोध सेलचा. 1977 च्या सुमारास जस्त-हवेचा बटण सेल आला. तो हवेतला प्राणवायू घेऊन चालतो, म्हणून त्यावर रंगीत चिकटपट्टी असते. 675 नंबरला निळी, 13 ला नारिंगी, 312 ला तपकिरी, 10 ला पिवळी. पट्टी काढून मिनिटभर हवा लागू द्यायची आणि मगच सेल बसवायचा. एकदा काढलेली पट्टी परत लावून सेल वाचत नाही. पुढे 1990 च्या दशकात संगणकी यंत्रे आली, त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिले आहे.

आपल्या देशात या कामाची संस्थात्मक बाजू उशिराच उभी राहिली. म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था 1965 ची. कानपूरचे अलिम्को, जिथे सरकारी वाटपाची श्रवणयंत्रे बनतात, ते 1972 चे. साधने वाटपाची केंद्राची योजना 1981 ची. मुंबईत वांद्र्याला राष्ट्रीय संस्था 1983 साली सुरू झाली आणि तिला अली यावर जंग यांचे नाव मिळाले. ते महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून आपल्याला माहीत. पण मूळचे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू. ज्या निजामाच्या नावाने ते विद्यापीठ, त्याच्याच नावाने 2023 पर्यंत आमचा जिल्हाही होता. आमच्या जुन्या राजधानीचे आणि कानांच्या संस्थेचे असे एक नाते आहे. 2024 पासून राज्य सरकार पासष्टीपुढच्या पात्र ज्येष्ठांच्या खात्यात साधनांसाठी 3000 रुपये देते. त्या साधनांच्या यादीत चष्म्याबरोबर श्रवणयंत्र आहे.

आईला यंत्र मिळाले ते एका शिबिरात. कोणाच्या, ते सांगण्यात अर्थ नाही. मंडपात शंभरावर माणसे, बाहेर लाउडस्पीकर, आणि तिथेच तपासणी. देणारा मुलगा भला होता, पण हिंदीत बोलत होता. आईची भाषा मराठी आणि माहेरची कानडी. त्याने यंत्र कानामागे अडकवले, टाळी वाजवली, आईने मान हलवली, फोटो निघाला. माहितीपत्रक इंग्रजीत होते. मी ते वाचू शकत होतो. वाचले नाही.

पहिल्याच महिन्यात त्याचे बटण दोनदा 'टी'वर सरकले. या यंत्रांवर एम, टी, ओ अशी तीन खुणांची कळ असते. एम म्हणजे नेहमीचे ऐकणे, ओ म्हणजे बंद. टी ही टेलिफोनच्या काळाची खूण: तिथे कळ नेली की यंत्र हवेतला आवाज सोडून रिसीव्हरमधले चुंबकीय कंपन पकडते. 'टी'वर आईला नुसती गुणगुण ऐकू यायची. "कानात भुंगा बसलाय, काढा हे," ती म्हणाली. मग शिट्टी. कानातला साचा नीट बसला नाही की यंत्राचा आवाज फटीतून बाहेर येऊन परत यंत्रातच शिरतो आणि ते शिटी मारते. डोक्यावर पदर घेतला तरी तेच. मंदिरात कीर्तनात तिचा कान वाजला, बायका वळून पाहू लागल्या, आणि तिने ते काढून ठेवले.

नंतर त्यातून काहीच ऐकू येईना. त्या तीन वर्षांत अक्कलकोटची माझी मावशी आजारी पडली. तिचे फोन यायचे. आई फोन कानाला लावून "बरी हाय, बरी हाय, तू सांग" एवढेच म्हणायची आणि आमच्याकडे द्यायची. मावशी काय विचारत होती ते तिला कळत नव्हते. मावशी गेली.

कोनाड्यातले यंत्र घेऊन मी सोलापूरला श्रवणतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी भिंगातून पाहिले, साचा काढला आणि मला दाखवला. नळीत मळाचा बूच बसला होता आणि नळी वाळली होती. यंत्र चांगले होते. नवी नळी, कानाचे माप घेऊन नवा साचा आणि नवा सेल, एवढ्यावर ते चालू झाले. "हे कोणी धुतलं नाही का कधी?" बाईंनी विचारले. धुवायचे असते हेच आम्हाला ठाऊक नव्हते.

आता ठाऊक आहे, म्हणून इतरांसाठी लिहून ठेवतो. रात्री साचा आणि नळी यंत्रापासून सोडवायची, कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवायची, नळीतले थेंब रबरी फुग्याने उडवायचे आणि सकाळपर्यंत वाळू द्यायची. यंत्राला पाणी लावायचे नाही, स्पिरिटही नाही. कोरड्या मऊ फडक्याने पुसायचे. डोक्याला तेल लावले की लगेच यंत्र घालायचे नाही. आमच्याकडे बायका तेल सकाळी लावतात, आईने ते रात्रीवर नेले. ऐंशीव्या वर्षी मोडलेली सवय आहे, लहान गोष्ट नव्हे. झोपताना सेलचे दार उघडे ठेवायचे आणि यंत्र ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत ठेवायचे. घामाचा दमट पावसाळा यंत्राला भारी पडतो. उलट एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत जस्त-हवेचा सेल आतून वाळून लवकर संपतो. नळी कडक झाली की बदलायची, तिला काही महिन्यांचेच आयुष्य असते. आणि पदर कानाच्या मागून घ्यायचा, वरून नाही. शेवटची सूचना कोणत्याही पत्रकात नाही, ती आईने स्वतः शोधली.

13 नंबरचा सेल मुरुमला सहज मिळत नाही, उमरग्याहून किंवा सोलापूरहून पान आणून ठेवावे लागते. काकांचा पेन्सिल सेल मला अशा वेळी आठवतो. सेल घातला की मी कालनिर्णयवर त्या तारखेला नारिंगी ठिपका देतो. मागच्या वर्षीची पाने फाडून ठेवली आहेत. दोन ठिपक्यांत बहुधा बारा-तेरा दिवस असतात, मे महिन्यात दहा. एका ठिकाणी एकवीस दिवसांचे अंतर आहे. तेव्हा मी गावाला होतो आणि आठ दिवस आई सेल संपलेले यंत्र घालून बसली होती. कोणाला सांगितले नाही. विचारले तर म्हणाली, "तुमी तर बोलायलातच कमी, मला वाटलं गप बसलाव समदे."

दिवाळीत मात्र ती यंत्र स्वतःच काढते. लक्ष्मीपूजन झाले, नातवंडे फटाके घेऊन अंगणात निघाली की ती सेलचे दार नखाने उघडते, यंत्र डबीत ठेवते आणि झाकण लावून मला म्हणते, "संपलं की सांग, मग घालते."