संधी आणि तह

'संधी' या शब्दाचे दोन अर्थ मी वर्गात मुलांस पुष्कळ वर्षे सांगत आलो. एक अनुकूल वेळ, दुसरा तह. पहिली संधी जो दवडतो, त्यास दुसरी संधी शत्रूच्या अटींवर करावी लागते. हा धडा शिकण्यास अंजनगावकरांस दूर जावयास नको. दि. ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे यांचा इंग्रजांशी तह झाला, तो आपल्या याच सुर्जी-अंजनगावी.

त्यामागील हकीकत अशी. १७९७ साली मल्हारराव होळकर शिंद्यांच्या फौजेकडून मारले गेले. १८०१ साली विठोजी होळकरांस बाजीरावाने पुण्यात हत्तीच्या पायी दिले. या दोघांचे बंधू यशवंतराव यांनी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईस इंग्रजांचा अंकित झाला.

पुढील वर्षी शिंदे व नागपूरकर भोसले इंग्रजांविरुद्ध एक झाले. होळकरांसही बोलावणे गेले. ते आले नाहीत. यशवंतरावांचे दुःख खोटे नव्हते, परंतु वेळ कोणाच्या दुःखाकरिता थांबत नाही. २३ सप्टेंबरला असई, २९ नोव्हेंबरला आपल्या वऱ्हाडातील अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, अशी एकामागून एक हार झाली. १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत व वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. तेराच दिवसांनी शिंद्यांचा गंगा-यमुनेमधील दुआब, भडोच व अहमदनगर गेले.

१८०४ साली होळकर एकटे उठले. कर्नल मॉन्सनच्या फौजेची त्यांनी दाणादाण उडविली, दिल्लीस वेढा घातला. परंतु तोवर बऱ्हाणपूरच्या तहाने शिंद्यांचे हात बांधले गेले होते. अखेर २४ डिसेंबर १८०५ रोजी होळकरांसही राजघाट येथे तह करणे भाग पडले. जो पराक्रम १८०४ साली एकट्याने केला, तो १८०३ साली तिघांनी मिळून केला असता तर? शौर्य उणे नव्हते, वेळ चुकली.

आता घरची गोष्ट. आपल्या मंडळात विद्यार्थी-वसतिगृहाचा विषय प्रथम निघाला, तेव्हा जागा अल्प किमतीत मिळत होती. इमारतीस कोणाचे नाव द्यावे यावरून दोन तट पडले. त्यांपैकी एका तटात प्रस्तुत लेखकही होता, हे कबूल करणे प्राप्त आहे. आमचा वाद मिटेपर्यंत जागा दुसऱ्याने घेतली. आपली मुले अद्यापि अमरावती-अकोल्यास भाड्याच्या खोल्यांत राहून शिकतात, आणि ज्यांच्या पालकांस भाडे झेपत नाही, ती गावीच राहतात.

यंदा एका सभासद कुटुंबाने पुन्हा जागा देऊ केली आहे. संधी येते ती भांडणे मिटल्यावर नव्हे, भांडणे चालू असतानाच येते. म्हणून मागील मानापमान बाजूस ठेवून सर्वांनी येत्या सभेस यावे, ही माझी हात जोडून विनंती आहे. नाव कोणाचेही लागो; माझी हरकत नाही.