आठ आणे, पांजरपोळ आणि बारकी

कोल्हापुरात कुणालाही 'पांजरपोळ' विचारा, तो तुम्हाला यादवनगरच्या बाजूला पाठवेल. लेथ, वेल्डिंग, ग्रीसचा वास. नावाचा मूळ अर्थ तिथे सहसा कुणाच्या मनात येत नाही. पांजरपोळ म्हणजे म्हाताऱ्या, लंगड्या, मालकाला नकोशा झालेल्या जनावरांना ठेवायची जागा. आपल्या डोळ्यांपुढे लगेच भाकड गाय येते. पण मुंबईच्या पांजरपोळाची गोष्ट सुरू होते कुत्र्यांपासून. आणि तीही चक्क दंगलीतून!

साल १८३२. मुंबईत कंपनी सरकारचं राज्य. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायची मुभा देणारा नियम १८१३ पासूनच होता. त्या वर्षी मारायची मुदत वाढवली गेली आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळू लागलं. आता रोख पैसे मिळतात म्हटल्यावर काय होणार? कुत्री पकडणारे रस्ता सोडून लोकांच्या आवारात घुसायला लागले. ६ जूनला पारशांचा पवित्र दिवस होता, आणि त्याच दिवशी फोर्टात हा प्रकार चालू. पारशी धर्मात कुत्र्याचं स्थान फार वरचं आहे. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्या विधीला 'सगदीद' म्हणतात. जमावाने शिपायांना चोपलं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली, हिंदू, जैन आणि इस्माइली लोकही सामील झाले. शेवटी सैन्य आणावं लागलं.

सरकारची भीती खोटी होती असं मात्र मी म्हणणार नाही. पाश्चरची लस यायला अजून ५३ वर्षं होती. पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि रोग झाला की माणूस गेलाच.

मग १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय, जैन व्यापारी मोतीशा शेठ आणि इतरांनी मिळून भुलेश्वरला पांजरपोळ काढलं. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लाग बसवून घेतली. ही व्यवस्था मला जाम आवडते. भूतदयेवर भाषण नाही, थेट कापसाच्या हिशेबात खर्चाची एक ओळ.

पण एक गोष्ट खटकते. दंगल झाली ती 'मारू नका' या मागणीसाठी. कुत्रं मग राहणार कुठे, या प्रश्नाचं उत्तर निघालं एक मोठं आवार. आमच्या भाषेत सांगायचं तर बग सुटला नाही, टिकेट दुसऱ्या टीमच्या नावावर गेलं. एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या युरोपियनांनी पांजरपोळातल्या गर्दीवर बरंच लिहून ठेवलंय. त्यात साहेबी तुच्छता असेल, पण गर्दी होतीच.

तिकडे राजाच्या कुत्र्याची तऱ्हा वेगळी. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे. (कोल्हापूरकर असून साताऱ्याच्या गादीचं कौतुक करतोय, वारणेचा तह १७३१ सालीच झाला आहे, सांभाळून घ्या.)

आता पुढची दोनशे वर्षं भर्रकन. २००१ च्या नियमांनी ठरलं की मारायचं नाही, नसबंदी आणि लस करून जागेवर सोडायचं. २०२३ ला नवे नियम आले, तत्त्व तेच. मग ११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दिल्ली परिसरातली कुत्री उचला आणि निवाऱ्यात ठेवा. २२ ऑगस्टला ते बदललं. पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची जागेवर परत सोडा. ७ नोव्हेंबरला पुन्हा, शाळा, इस्पितळं, बसस्थानकं यांच्या आवारातली उचला आणि तिथे परत सोडू नका. म्हणजे गाडी फिरून पुन्हा मोठ्या आवारापाशीच.

हे सगळं मी का वाचत बसलो? तर बारकीमुळे. याच पांजरपोळ भागात मित्राच्या वर्कशॉपमध्ये ती एका ट्रकखाली सापडली. आठ किलोची तपकिरी कुत्री, एक कान फाटलेला. डॉक्टरांनी लस टोचली, नसबंदी केली. वाचली म्हणून सगळे खूश! पण ती आवाजाला इतकी घाबरायची की पाना खाली पडला तरी अंगाखाली मुतायची. तिला हवं होतं शांत घर. आणि कोल्हापुरात शांत घर शोधणं म्हणजे... एकतर फुटबॉल. पेठेतली टीम जिंकली की रात्री फटाके. मग गणपती, आणि गणपतीत डॉल्बी.

शिवाजी पेठेतला दोस्त म्हणाला, "आणून सोड की भावा आमच्या तालमीत. चाळीस पोरं हाईत सांभाळायला."

त्याचं मन मोठं, पण तीच तर अडचण. घाबरलेल्या कुत्र्याला चाळीस माणसं म्हणजे चाळीस धोके. त्याला लागतो एक कोपरा, ठरलेली वेळ, एक-दोन ओळखीचे वास. कौतुकाने वाकून डोक्यावर हात ठेवला तरी ते चावू शकतं, आणि मग लोक म्हणतात 'हे वाईट आहे'. लहान मुलं असलेल्या दोन घरांना मी याच कारणाने नाही म्हटलं. एकांना राग आला, येऊ दे. आणखी एकांना 'लॅब असेल तर' हवं होतं. तो विषय तिथेच संपला.

तीन वीकेंड पुणे-कोल्हापूर हेलपाटे झाल्यावर रुईकर कॉलनीतले एक निवृत्त काका-काकू तयार झाले. काकूंनी मलाच दटावलं, "तू सारखा येऊ नकोस रे बघायला, तिला सवय होऊ दे." पहिले चार दिवस बारकी जिन्याखालून हलली नाही. काकू ताटली ठेवायच्या आणि मागे न बघता निघून जायच्या. पाचव्या दिवशी काका पेपर वाचत होते, ही येऊन त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकून झोपली. काकांनी म्हणे पाऊण तास पाय हलवला नाही, त्याच त्या पानावरच्या छोट्या जाहिरातीसुद्धा वाचून काढल्या :)

विसर्जनाच्या रात्रीचं काय, हे मी विचारायच्या आतच काकूंनी ठरवून टाकलं होतं. दोन दिवस आधीच तिघं कागलजवळ त्यांच्या माहेरच्या मळ्यावर जाणार आहेत.