उंबरखिंडीचा छापा आणि तोड्याची बंदूक : एक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. शाइस्ताखानाने पुण्याहून कोकणात पाठविलेल्या कारतलबखानास शिवाजी महाराजांनी फेब्रुवारी १६६१ मध्ये येथे कोंडीत पकडले. या विजयाचे श्रेय सामान्यतः भूगोलास दिले जाते. त्याबरोबरच तत्कालीन शस्त्राच्या मर्यादांचाही विचार आवश्यक ठरतो.

शस्त्राचे स्वरूप :
त्या काळी दख्खनच्या पायदळात तोड्याची बंदूक प्रचलित होती. सोऱ्यात भिजवून वाळविलेली दोरी, म्हणजेच तोडा, सतत धुमसत ठेवावा लागे. चाप ओढताच तो नळीच्या कानाजवळील रंजकेस टेकत असे व आग आतील दारूपर्यंत जाई. रंजक दमट झाल्यास बार फुकट जाई. तोड्याच्या वासाने आणि बाराच्या धुराने दबा धरलेल्यांचा ठाव उघड होई. पुन्हा ठासण्यास वेळ लागत असल्याने पहिल्या बाराचे मोल मोठे होते.

छाप्याशी संबंध :
माघातील कोरडी हवा रंजकेस अनुकूल होती. दाट रानाचा आडोसा होता. अरुंद वाटेत अडकलेल्या मोगल फौजेस तोडे पेटवून रांग धरण्यास जागा व उसंत नव्हती. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या काव्यात हा प्रसंग येतो. ते दरबारी काव्य असल्याने त्यातील तपशील सावधपणे घ्यावे लागतात. रायबागन हिच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली व खंडणी देऊन तो सुटला.

समारोप :
बंदुकीचा आवाज व धूर लपविणे शक्य नव्हते. शत्रू पुरता खिंडीत येईपर्यंत बार रोखून धरणे एवढेच सेनानीच्या हाती होते. उंबरखिंडीच्या यशात या शिस्तीचा वाटा भूगोलाइतकाच मानला पाहिजे.