आजारी एक, मग सगळ्या घराला का बोलावतात? कुटुंब आणि गट मानसोपचाराची ओळख

मुलाला मानसोपचारासाठी नेलं की निरोप येतो, "पुढच्या वेळी अब्बा-अम्मी, भाऊ, सगळे या." मग घरात कुजबुज सुरू. आजारी तो आहे, आम्हाला काय झालंय? पालकांच्या तोंडून हे आम्ही बरेचदा ऐकतो.

बोलावण्यामागे कुणाला दोषी ठरवणं नसतं. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या घरात सतत टोमणे, राग किंवा अति काळजी होती, तिथे परतलेले रुग्ण पुन्हा आजारी पडण्याचं प्रमाण जास्त होतं. अति काळजीसुद्धा! पंचवीस वर्षांच्या मुलाला एक क्षण एकटं न सोडणारी अम्मी प्रेमापोटीच तसं करते, पण त्याला स्वतःच्या पायावर उभं राहायला जागा उरत नाही. पुढे चंदीगडला असाच अभ्यास झाला, तेव्हा तिथल्या घरांत हा ताण लंडनपेक्षा कमी निघाला. आणि अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकातच नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून रुग्णासोबत ठेवलं होतं. म्हणजे ही काही बाहेरून आलेली फॅशन नाही.

बैठक घेणारी व्यक्ती डॉक्टर, मानसतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित नर्स असते. अमेरिकेत उच्च शिक्षण घेतलेल्या मनोविकार नर्स औषधही लिहून देतात आणि अशा बैठकाही घेतात. आपल्याकडे औषध डॉक्टरच देतात. बैठक घेणारा कुणाची बाजू घेत नाही. सुनेला विचारलं तर उत्तर सुनेनेच द्यायचं, सासऱ्यांनी नाही. (हे आपल्याकडे सर्वात जड जातं.) मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने दाखवलं की दोघांत ताण वाढला की ते तिसऱ्याला मध्ये ओढतात. बरेचदा तो तिसरा म्हणजे लेकरू. नवरा-बायको आपसात बोलत नाहीत, निरोप मुलीकडून जातात, आणि वर्गात तिचं लक्ष लागत नाही.

घरात मारहाण होत असेल तर मात्र सगळ्यांना एकत्र बसवणं धोक्याचं. बाई सगळ्यांसमोर खरं बोलली तर घरी गेल्यावर भोगेल. अशा वेळी आधी तिच्याशी एकटीशी बोलतात. आपणही तसं मागू शकतो.

गटाचं वेगळं. बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये क्षयाच्या गरीब रुग्णांचे वर्ग घेतले, तिथून ही पद्धत सुरू झाली असं मानतात. इरविन यालोम यांच्या मते गटात सात-आठ माणसं चांगली. 'हे माझ्या एकट्याचंच नाही' हे कळणं, हाच मोठा आधार.

"मोहल्ल्यात कळलं तर? मुलीचं लग्न?" ही भीती खरी आहे. मजलिसमधली गोष्ट अमानत, हा नियम गटात पहिल्याच दिवशी सांगतात. उपचार करणाऱ्यांवर तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचं बंधन आहे. पण जिवाला धोका असेल, कुणी मरण्याचं बोललं, तर ते लपवून ठेवत नाहीत. आपणही ठेवू नये.

दुआ चालू राहू द्या, गोळ्याही. ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र लागतो आणि मराठीत बोलता येतं.